वाचकांचे प्रश्न : वाजणारी बशी, निळा पंप आणि माईनमुळ्याचं लोणचं

मागच्या वेळी वासाबद्दल लिहिताना मी 'जीपीसीआर' हा शब्द एकदाच टाकला आणि पुढे निघून गेले, तर त्या एका शब्दावर इतकी पत्रं आली की यावेळी बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. लांबलचक नाव जी-प्रोटीन कपल्ड रिसेप्टर. पेशीच्या बाहेरच्या अंगाला बसलेले, बाहेरचा निरोप आत पोचवणारे. बाजारातल्या मंजूर औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं यांच्यावरच काम करतात, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी यांची औषधं आहेतच, सर्दीची सेट्रिझिन धरा, बीपीची टेल्मिसार्टन धरा. आणि सकाळची कॉफी झोप उडवते तीसुद्धा अडेनोसिन नावाच्या झोपाळू निरोपाचा असलाच रिसेप्टर अडवून.

प्रश्न : माझा उजवा हात थरथरतो, चहाचा कप बशीत वाजतो, म्हणून डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिली. देण्याआधी तीनतीनदा विचारलं, दमा आहे का? मला नाही, पण बायकोला आहे, तिचा निळा पंप असतो. गंमत अशी की पंप मारला की थोड्या वेळाने तिचे हात थरथरतात! ताई, हा काय प्रकार आहे? आणि चुकून अदलाबदल झाली तर?
– निवृत्त बँक कर्मचारी, सातारा

काका, तुमच्या घरी एकाच रिसेप्टरवर दोन औषधं दोन बाजूंनी रस्सीखेच करतायत. रिसेप्टरचं नाव बीटा-टू. जीपीसीआर खानदानातला हा सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्यांपैकी एक, आणि नेमका तोच तुमच्या औषधाच्या डब्यात निघाला.

आधी तो असतो कसा ते सांगते. पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो, त्यातून हे प्रोटीन धावदोऱ्यासारखं सात वेळा आरपार जातं, सुरुवातीचं टोक बाहेर, शेवटची गाठ आत. माणसात असे आठशेच्या आसपास रिसेप्टर आहेत (निम्मे एकट्या वासाचे), कामं सगळ्यांची निराळी पण टाके सगळ्यांचे सातच. बाहेरून अ‍ॅड्रिनलिन येऊन मधल्या खोबणीत बसलं की आतल्या बाजूने सहावा टाका बाहेरच्या दिशेला सरकतो, किती तर साधारण १४ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला दीड भागसुद्धा नाही, आणि तेवढ्या फटीत जी-प्रोटीन नावाचा आतला गडी येऊन अडकतो, जागा होतो, शेजारच्या एंझाइमला हलवतो आणि ते एंझाइम सायक्लिक एएमपी नावाचा निरोप पेशीभर वाटत सुटतं. अ‍ॅड्रिनलिन स्वतः उंबरठ्याच्या आत पाऊलही टाकत नाही.

आता मजा बघा. निरोप तोच, पण ऐकणारा कोण यावर सगळं अवलंबून. श्वासनळीच्या स्नायूने ऐकला की तो सैल पडतो, म्हणून काकूंना पंपाने मोकळं वाटतं, कारण पंपातलं साल्ब्युटामॉल बीटा-टूला अ‍ॅड्रिनलिनसारखंच चालू करतं. हातापायाच्या स्नायूंवरही हाच रिसेप्टर आहे, तिथे ऐकला की थरथर वाढते, म्हणून पंपानंतर त्यांचे हात हलतात. तुमची प्रोप्रॅनोलॉल बरोब्बर उलटं करते, त्याच खोबणीत जाऊन नुसती बसते, चालू काहीच करत नाही आणि अ‍ॅड्रिनलिनलाही बसू देत नाही. बशी वाजायची थांबते. पण ही गोळी हात ओळखून तिथेच थोडी जाते? रक्तातून सगळीकडे फिरते, आणि दमेकऱ्याच्या श्वासनळीत तिने जागा अडवली की नळी आवळते आणि वर पंपही नीट चालत नाही, कारण पंपाचीही तीच जागा. म्हणून डॉक्टरांनी तीनदा विचारलं, बरोबर केलं.

तेव्हा गोळ्यांचा डबा वेगळा, शक्यतो वेगळ्या खणात. आणि काका, 'हात बरा वाटतोय' म्हणून गोळी एक दिवशी परस्पर बंद करू नका, हृदयावरचे बीटा-वन रिसेप्टर इतके दिवस दाबलेले असतात, ते एकदम उसळतात.

काकूंसाठीही एक. रिसेप्टरला सारखंसारखं कोणी हाका मारायला लागलं की पेशी कंटाळते, अरेस्टिन नावाचं प्रोटीन पाठवून रिसेप्टरचं आतलं तोंड बंद करते आणि बरेचसे रिसेप्टर आत ओढून घेते. दिवसातून चारचार वेळा निळा पंप लागत असेल तर त्याचा उपयोग हळूहळू कमी वाटणार, आणि आतली सूज तर तशीच राहणार कारण निळा पंप सुजेचं काहीच करत नाही. डॉक्टरांकडे एकदा दुसऱ्या पंपाचं विचारा.

प्रश्न : एवढं सगळं सांगता ते कोणी डोळ्यांनी बघितलंय का? की मानून चालायचं?
– एक वाचक, इंदूर

भाऊ, प्रश्न खवचट आहे पण रास्त आहे, कारण कित्येक वर्षं मानूनच चाललं होतं!

१९४८ साली अमेरिकेत रेमंड अल्क्विस्टने अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची काही औषधं वेगवेगळ्या अवयवांवर लावून बघितली. काही अवयवांवर पहिला नंबर एका औषधाचा तर काहींवर दुसऱ्याच, आणि हे क्रम दोनच प्रकारचे येत होते. तो म्हणाला, म्हणजे घेणारेही दोन प्रकारचे असणार, यांना अल्फा म्हणू, त्यांना बीटा. फार्माकॉलॉजीच्या जर्नलने पेपर परत पाठवला, शेवटी शरीरक्रियाशास्त्राच्या जर्नलमध्ये छापून आला. स्वतः अल्क्विस्टही पुढे कितीतरी वर्षं रिसेप्टर म्हणजे हिशेबाची सोय असंच धरून होता, खरोखरची वस्तू म्हणून नाही. पण इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅकने तो हिशेब खरा धरला, बीटाची जागा अडवणारं औषध बनवायला घेतलं आणि १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल बाजारात आली. नंतर त्यानेच अ‍ॅसिडिटीवरचं सिमेटिडिन शोधलं, तेही अशाच एका रिसेप्टरवरचं, आणि १९८८ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. म्हणजे साताऱ्याच्या काकांची गोळी आधी आली, रिसेप्टर हातात नंतर लागला. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे.

हातात लागला तो रॉबर्ट लेफ्कोविट्झमुळे. मूळचा हार्टचा डॉक्टर. १९६८ पासून हार्मोनला किरणोत्सारी आयोडीन चिकटवायचं, पेशींवर सोडायचं आणि किरणं कुठून येतात ते शोधायचं, असा त्याचा उद्योग. १९८६ मध्ये त्याच्या टीमने बीटा-टूचा जीन वाचला, त्यात ब्रायन कोबिल्का नावाचा तरुण डॉक्टर होता, आणि वाचून सगळेच चक्रावले कारण हे प्रोटीन डोळ्यातल्या रोडॉप्सिनसारखं दिसत होतं. रोडॉप्सिन उजेड पकडतं, बीटा-टू अ‍ॅड्रिनलिन, एकमेकांशी काही देणंघेणं नाही, तरी दोघांचे टाके सात! तिथे पहिल्यांदा कळलं की हे आख्खं कुटुंब आहे.

पण फोटो? त्याला अजून वीस वर्षं. हे प्रोटीन चरबीतून बाहेर काढलं की मोडतं आणि आत ठेवलं तर सारखं हलतं, हलणाऱ्या पोराचा फोटो काढण्यातला प्रकार. कोबिल्काने स्टॅनफर्डमध्ये नाना खटपटी केल्या, सहकाऱ्यांबरोबर रिसेप्टरचा एक लोंबता आतला भाग कापून तिथे टी-४ नावाच्या विषाणूचं टणक एंझाइम शिवलं, आणि २००७ मध्ये पहिली स्पष्ट आकृती मिळाली. पुढची हाव म्हणजे रिसेप्टर आणि जी-प्रोटीन एकमेकांना धरलेल्या क्षणी पकडायचे. त्यासाठी चिमटा लागला तो लामाकडून आला, तोच तो दक्षिण अमेरिकेतला उंटाचा चुलतभाऊ, त्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी इतक्या छोट्या असतात की त्यांचा तुकडा अशा फटीत बसतो. २०११ मध्ये तो फोटो आला आणि २०१२ चं केमिस्ट्रीचं नोबेल दोघा गुरुशिष्यांना. १४ अँगस्ट्रॉम मी वर लिहिलं ते त्याच फोटोतून मोजलेलं आहे. तेव्हा भाऊ, बघितलंय.

एक मात्र आहे, शाळेत शिकवतात ती कुलूप-किल्लीची उपमा आता सोडा. फोटो आणि प्रयोग दोन्ही सांगतात की हे कुलूप नाही, जुन्या वाड्यातलं सैल झालेलं बटण आहे, कोणी हात लावला नाही तरी मधूनमधून आपलं आपणच लागतं. सेट्रिझिन हिस्टामिनला अडवते असं आम्ही पाठ केलं होतं, खरं म्हणजे ती ते सैल बटण बंदच्या बाजूला धरून ठेवते.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी बायोटेकला आहे. प्रोजेक्टला एक रिसेप्टर मिळालाय, सर म्हणाले जी-आय प्रकारचा आहे, हेक सेल्समध्ये घालून कॅम्प मोज. चार वेळा मोजला, काहीच बदल दिसत नाही, रडायची वेळ आलीये. आणि मुळात रिसर्चमध्ये यांचा एवढा बोलबाला का?
– विद्यार्थिनी, नांदेड

अगं, रडू नकोस, फोर्सकोलिन घातलंस का? नसशील घातलं. (इतर वाचकांसाठी : कॅम्प म्हणजे वरचा तो सायक्लिक एएमपीचा निरोप, लॅबमध्ये सगळे लाडाने कॅम्प म्हणतात. हेक सेल्स म्हणजे लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या पेशी, आणि जी-एस, जी-आय हे वरच्या जी-प्रोटीनचेच प्रकार.) जी-एस प्रकारचा रिसेप्टर कॅम्प वाढवतो, जी-आय कमी करतो, आणि गप्प बसलेल्या पेशीत कॅम्प आधीच तळाला असतो, तळाच्या खाली काय जाणार? आधी फोर्सकोलिनने कॅम्प वर चढव, मग तुझं औषध घाल आणि किती उतरतो ते बघ. दिवा लावल्याशिवाय विझलेला कसा कळणार.

उतरला की खात्री करायला दुसऱ्या प्लेटला आदल्या रात्री पर्टुसिस टॉक्सिन दे, डांग्या खोकल्याच्या जिवाणूचं विष आहे ते, जी-आयलाच निकामी करतं. सकाळी उतार गायब झाला तर सर बरोबर. याची थोरली बहीण म्हणजे कॉलरा टॉक्सिन, ते जी-एसला चालूच्या बाजूला कायमचं अडकवतं, बटण खाली दाबून वर टेप लावल्यासारखं. आतड्याच्या पेशीत कॅम्प वाढतच राहतो, क्षार बाहेर, त्यामागे पाणी बाहेर, आणि माणूस काही तासात कोरडा पडतो. कॉलऱ्याचे जंतू नाही तर त्यांनी सोडलेलं विष हे करतं, हे १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर दाखवलं, साध्या सामानात. आज ते विष जगभरच्या लॅबमध्ये फ्रीजमधल्या कुपीत असतं, जी-एसचं काम तपासायला.

हेक सेल्स कुठून आणल्यास? आम्ही पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसमधून आणायचो, देशभर पेशी तिथून जातात. पूर्ण नाव हेक-२९३, १९७३ मध्ये नेदरलँडमधल्या लायडनला मानवी गर्भाच्या किडनीपासून बनवल्या, आणि २९३ हा फ्रँक ग्रॅहमच्या प्रयोगाचा नुसता अनुक्रमांक आहे, बाकी गूढ काही नाही. एक सांभाळ, या पेशींवर बीटा-टू मुळातच थोडेथोडे असतात, तेव्हा रिकाम्या प्लास्मिडची (पेशीत जीन नेणारं डीएनएचं कडं, इथे तुझा रिसेप्टर न घातलेलं) प्लेट शेजारी हवीच, नाहीतर भलत्याचंच गाणं ऐकत बसशील. आणि सिलेंडर तपास! आमच्याकडे एकदा शनिवारी रात्री सीओ-टू संपला, सोमवारी उघडलं तर मीडिया, म्हणजे पेशींच्या खाण्याचं पाणी, सगळा जांभळा, सहा आठवड्यांच्या पेशी सिंकमध्ये.

कॅम्प मोजायला तुझ्याकडे उजेडाचा किट असेल तर त्यात काजव्याचं एंझाइम आहे, कॅम्प चिकटला की ते उजळतं. काजव्यांचे दिवस आले की भंडारदऱ्याला झाडं लखलखतात ना, तोच उजेड तुझ्या ९६ खळ्यांच्या प्लेटमध्ये.

बोलबाला का, तर औषधं हे एक झालं. दुसरं, अजून शंभरेक रिसेप्टर अनाथ आहेत, म्हणजे रिसेप्टर माहितीये पण शरीरात त्याला कोण हाक मारतं ते माहीत नाही. भुकेचं हार्मोन घ्रेलिन असंच सापडलं, रिसेप्टर १९९६ ला मिळाला होता, मालक १९९९ ला जपानी शास्त्रज्ञांना पोटात मिळाला.

तिसरं मला सगळ्यात भारी वाटतं. २००७ मध्ये ब्रायन रॉथच्या टीमने एक रिसेप्टर असा बदलला की तो शरीरातल्या स्वतःच्या निरोपाला बहिरा झाला आणि सीएनओ नावाच्या एकाच औषधाला ऐकायला लागला, नाव दिलं ड्रेड. हा उंदराच्या मेंदूतल्या हव्या त्याच पेशींत घालायचा आणि सीएनओ टोचायचं, फक्त त्या पेशी चालू, आणि बघायचं की उंदीर खायला धावतो की झोपतो. दहाएक वर्षं सगळे खूश, मग २०१७ मध्ये निघालं की सीएनओ मेंदूत फारसं शिरतच नाही, शरीरात त्याचं थोडं क्लोझॅपिन होतं आणि काम ते करतं, जे स्वतःच मानसिक आजाराचं औषध आहे! म्हणून आता ड्रेड नसलेल्या उंदरांनाही सीएनओ देऊन बघतात. तुझ्या रिकाम्या प्लास्मिडसारखंच.

पुढे पीएचडी करायची असेल तर फार लांब बघू नकोस. कानपूरच्या आयआयटीत अरुण शुक्ला अरेस्टिनवर काम करतात, लेफ्कोविट्झच्या लॅबमध्ये राहून आलेत. हैदराबादच्या सीसीएमबीत सेरोटोनिनच्या रिसेप्टरला भोवतीचं कोलेस्टेरॉल कसं लागतं यावर कितीतरी वर्षं काम झालं, आणि त्याच विषयावर कॉम्प्युटरमध्ये पापुद्रा रचून बघण्याचं काम पुण्यात एनसीएलमध्ये झालंय.

प्रश्न : जिममधल्या मैत्रिणीने 'फोर्सकोलिन' लिहिलेल्या कॅप्सूल दिल्यात, म्हणे पोटाची चरबी वितळते, आयुर्वेदिक आहे. घेऊ का? बीपीची गोळी चालू आहे.
– गृहिणी, ठाणे

ताई, तुमचा आणि नांदेडच्या मुलीचा प्रश्न लागोपाठ आला आणि मला हसूच आलं, एकीला सांगितलं घाल, तुम्हाला सांगते घेऊ नका.

वस्तू तीच आहे. कोलियस नावाच्या तुळशीच्या कुळातल्या झुडपाच्या मुळात मिळते. आपल्याकडे माईनमुळ्याचं लोणचं घालतात ना, कोवळ्या गाजरासारखी दिसणारी, चावली की उग्र वास नाकात जाणारी, तीच मुळं, गुजरातीत गरमर. आणि ठाण्याच्या तुम्ही, तुमच्या तर शेजारचीच गोष्ट. १९७० च्या दशकात मुलुंडला हेक्स्ट कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथे भारतीय वनस्पती एकेक करून तपासत होते, बीपी उतरवणारं काही सापडतंय का म्हणून. कोलियसच्या अर्काने बीपी उतरलं, त्यातला कामाचा पदार्थ वेगळा काढला, रचना १९७७ ला छापली. लखनौच्या सीडीआरआयमध्येही त्याच झाडावर काम चालू होतं, त्यांनी नाव दिलं कोलियोनॉल, पण टिकलं फोर्सकोलिन. ते नाव झाडावरून आणि झाडाचं नाव पीटर फोर्सकोल या, झाडंप्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसच्या शिष्यावरून, जो १७६३ मध्ये येमेनला झाडं गोळा करताना मलेरियाने गेला.

औषध म्हणून मोठं काही झालं नाही. पण १९८१ ला अमेरिकेत दिसलं की फोर्सकोलिन रिसेप्टरला विचारतच नाही, थेट आतल्या एंझाइमला उठवतं आणि कॅम्प वाढवतं. दारावरची बेल न वाजवता मागच्या दाराने स्वयंपाकघरात. तेव्हापासून जीपीसीआरच्या लॅबमध्ये ती बाटली असतेच. मुलुंडच्या लॅबचं नाव मात्र ती उघडणाऱ्या पोरांना माहीत नसतं, मलाही पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत नव्हतं.

आता चरबीचं. कॅम्प वाढला की चरबीच्या पेशी चरबी सोडतात हे प्लेटमध्ये खरं आहे, कॅप्सूल विकणारे तेवढंच सांगतात. माणसांवर वीस-तीस जणांचे छोटे प्रयोग झालेत, निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. बीपी उतरवतं म्हणून तर ते मुळात सापडलं, वर तुमची बीपीची गोळी, जिन्यात चक्कर आली तर? मैत्रिणीला परत द्या. वजनाच्या ज्या इंजेक्शनांची हल्ली चर्चा आहे, सेमाग्लुटाइड वगैरे, तीही जीपीसीआरवरच काम करतात, जीएलपी-वन नावाच्या हार्मोनच्या रिसेप्टरवर, पण ती रिसेप्टरला नीट गाठतात आणि हजारो लोकांवर तपासलेली आहेत, तरी डॉक्टरांशिवाय नाही. त्यांची पहिली बहीण एक्सेनाटाइड, मंजुरी २००५, तिचं मूळ अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी पालीसारख्या सरड्याच्या लाळेत सापडलं होतं.

लोणचं खायला हरकत नाही, मिठाचं बघा फक्त.

प्रश्न : मिरचीचा तिखटपणाही याच रिसेप्टरने कळतो ना? आणि मांजरांना गोड कळत नाही म्हणतात, मग आमची मनी श्रीखंडाची वाटी का चाटते?
– इयत्ता आठवी, रत्नागिरी

मिरची नाही. तिखट, खारट आणि आंबट यांचे रिसेप्टर म्हणजे सरळ भोकं, उघडली की आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण आत. गोड, कडू आणि मॅगीच्या मसाल्यातली ती उमामी चव, एवढंच सात टाक्यांवाल्यांकडे. कडूला माणसात पंचवीसेक वेगवेगळे आणि गोडाला एकच जोडी, त्यामुळे कारल्यापासून आईच्या काढ्यापर्यंत सगळं कडू पकडलं जातं. मांजराच्या त्या गोडाच्या जोडीतला एक जीन मोडलेला आहे, वाघसिंहांचाही. मनी साखर चाटत नाही, ती चक्का चाटते. एकदा तिच्यासमोर एका वाटीत नुसता चक्का आणि दुसरीत साखरेचा पाक ठेव आणि काय झालं ते मला कळव.